तुम्ही नसलेल्या खोलीत तुमची बाजू कोण मांडणार?

आजचा विषय जरा नाजूक आहे. ऑफिसमधल्या वरिष्ठांपर्यंत आपलं म्हणणं पोहोचवायचं कसं? आणि तेही चमचेगिरी न करता.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमचं प्रमोशन बहुतेक वेळा अशा खोलीत ठरतं, जिथे तुम्ही नसता. तिथे तुमचे साहेब असतात, त्यांचे साहेब असतात, एचआरचं कुणीतरी असतं. एका नावाला मिळतात फार तर दोन-तीन मिनिटं. ‘माणूस चांगला आहे, मेहनती आहे’ एवढंच बोललं गेलं, तर पुढच्या नावावर जातात, कारण मेहनती तर सगळेच असतात. म्हणजे प्रश्न असा आहे की त्या खोलीत तुमच्याबद्दल सांगण्यासारखी दोन ठोस वाक्यं तुम्ही कुणाच्या हातात दिली आहेत का?

आता उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहात. प्लांट हेडसमोर उभे राहता आणि सुरू करता, ‘सर, आम्ही तीन महिने डेटा गोळा केला, मग त्याचं अ‍ॅनॅलिसिस केलं...’ सातव्या स्लाइडला सरांचा फोन वाजतो. झालं, विषय संपला!

तेच असं सांगून बघा: ‘सर, एक निर्णय हवाय. या लाइनवर रोज ६० पार्ट रिजेक्ट होतात, एका पार्टमागे २०० रुपये, म्हणजे रोजचे १२ हजार जातात. नवीन फिक्स्चरला ३ लाख लागतील. चाचणीत रिजेक्शन निम्म्यावर आलं. कामाच्या ५० दिवसांत पैसे वसूल होतील. धोका एकच, बसवताना लाइन एक दिवस बंद राहील.’ अर्ध्या मिनिटाचं काम. आणि महत्त्वाचं म्हणजे हीच वाक्यं सर हेड ऑफिसला जशीच्या तशी सांगू शकतात. धोका आपणच सांगितला की समोरच्याचा विश्वास वाढतो. तो त्यांनी शोधून काढला, तर बाकीच्या आकड्यांवरही शंका येते.

दुसरी गोष्ट, साहेब वाचणारे आहेत की ऐकणारे? हा फरक पीटर ड्रकर यांनी सांगितलेला. जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर यांनी १९८० साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ‘मॅनेजिंग युअर बॉस’ हा लेख लिहिला, त्यातही तो येतो. ड्रकर आयझेनहॉवर यांचं उदाहरण देतात. सेनापती असताना पत्रकारांचे प्रश्न त्यांना आधी लेखी मिळायचे, तेव्हा त्यांची उत्तरं चोख असायची. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र समोरासमोर प्रश्न यायला लागले आणि तेच पत्रकार त्यांची थट्टा करू लागले. माणूस तोच, फक्त माहिती पोहोचण्याची वाट बदलली. म्हणून वाचणाऱ्या साहेबांना एक पान आधी पाठवा, मग भेटा. ऐकणाऱ्यांना आधी भेटा, मग पान पाठवा. ओळखायचं कसं? मेल पाठवल्यावर ‘पाहिलं, पण दुसरा मुद्दा कळला नाही’ असं उत्तर आलं तर वाचणारे. ‘ये ना, जरा सांग काय आहे ते’ असं आलं तर ऐकणारे.

तिसरी गोष्ट, मीटिंगच्या आधीची मीटिंग. जपानी भाषेत ‘नेमावाशी’ असा शब्द आहे. मोठं झाड हलवायचं असेल तर आधी त्याच्या मुळांभोवती खणून तयारी करतात, ती नेमावाशी. टोयोटामध्ये हा शब्द कामाच्या पद्धतीसाठी वापरतात. प्रस्ताव मोठ्या बैठकीत मांडण्याआधी ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार, त्या प्रत्येकाशी बोलून घ्यायचं. आपल्या उदाहरणात प्रॉडक्शनवाले म्हणणार, ‘लाइन बंद ठेवणार कोण?’ हे बैठकीत सगळ्यांसमोर ऐकण्यापेक्षा दोन दिवस आधी चहा घेताना ऐका. ‘साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बसवू’ हा तोडगा कदाचित तेच सुचवतील. मग बैठकीत ते तुमच्या बाजूने बोलतात. आणि हो, या सगळ्यात स्वतःच्या मॅनेजरला वगळून थेट वर जाऊ नका. सगळ्यात आधी त्यांनाच सांगा.

आता तुम्ही म्हणाल, ‘दादा, हे सगळं ठीक, पण आमचे साहेब आमचं काम स्वतःच्या नावावर खपवतात, त्याचं काय?’ होतं असं, नाकारत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे बैठक झाली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मेल सगळ्यांना जातो, खाली तुमचं नाव असतं. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त नोंद. त्यात आपल्या ज्युनिअरचं नावही लिहा. जो खालच्याला श्रेय देतो, त्याच्या शब्दाला वर वजन येतं.

आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर? तोंड पाडून परतू नका. विचारा, ‘सर, कोणता आकडा बदलला तर याचा पुन्हा विचार करता येईल?’ उत्तर मिळालं तर पुढचं काम कळलं. दोन-तीनदा विचारूनही काहीच मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. मग या टीममध्ये किती दिवस काढायचे, याचा विचार शांतपणे करता येतो.

चमचेगिरी आणि हे, यात फरक काय? चमचा साहेबांबद्दल बोलतो, तुम्ही कामाबद्दल बोलता. बस्, एवढाच.

तर या आठवड्यात एक काम करा. वर्षभरातलं तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम दोन वाक्यांत लिहा: आधी काय होतं, आता काय आहे, आकड्यासकट. मग ते टीमबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा. त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं, तर साहेबांनाही आठवेल. अप्रेझलचा फॉर्म येईपर्यंत थांबू नका.

भेटू पुढच्या भागात.