खोल्यांचे खोत



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय छापलाय : ‘समुद्र, सुपारीच्या बागा आणि साहित्य’. विषय देखणा आहे. पण मी भाड्याच्या खोलीवर बोलणार आहे. अलिबागजवळच्या नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्या, आणि कोरोनाच्या साथीच्या काळात त्या खोल्यांत राहणाऱ्यांशी आपण कसे वागलो, यावर. ज्यांच्या वाडीत कॉटेजेस आहेत त्यांनी चहाला उठू नये. तुमच्याविषयीच बोलायचं आहे.

मार्च २०२० आठवा. १५ तारखेला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली आणि आपल्याकडच्या जमिनीच्या दलालांना दिवाळी दिसू लागली. दहा दिवसांत सगळा देश बंद. हुकूम एकच : घरी राहा. कुणाच्या घरी, ते हुकमात नव्हतं. ज्याचं घर दर महिन्याच्या पाच तारखेवर टांगलेलं आहे त्यानं काय करायचं, हेही नव्हतं.

कागदावर सरकारनं काहीच केलं नाही, असं मात्र नाही. २९ मार्चला केंद्राच्या गृह मंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला : मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नका, मजुरांना, विद्यार्थ्यांना घराबाहेर काढलंत तर कारवाई होईल. १७ एप्रिलला आपल्या राज्याच्या गृहनिर्माण विभागानं सूचना दिल्या : भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला काढू नका. आता मला हात वर करून सांगा, हे दोन कागद या पट्ट्यात किती जणांनी वाचले? चावडीवर कुणी लावले? गावाच्या वेशीवर बांबू आडवे टाकून ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ असा फलक रंगवायला मात्र कोकणातल्या गावागावांत एका रात्रीत रंग मिळाला, ब्रश मिळाला आणि बरं अक्षर असलेला मुलगाही मिळाला. तो फलक बऱ्याचदा आपल्याच चाकरमान्यांसाठी होता. मुंबईच्या दहा बाय दहात गुदमरून गावाकडे निघालेल्या भावकीला आपण वेशीवर ताटकळत ठेवलं, आणि मग गणपतीला ‘या हो’ म्हणून फोनही केले.

भावकीची ही गत, तर भाडेकऱ्याची काय असेल?

आपल्याकडच्या बंगल्यांमागे एक खोली असते. पुढे चार बेडरूम, व्हरांडा, पोहायचा तलाव. मागे पंपाशेजारी ही खोली. वर सिमेंटचा पत्रा, भिंतीला मोटारीचा स्टार्टर, संडास बाहेर आणि तोही माळ्याशी सामाईक. आत नवरा-बायको, दोन मुलं, कोपऱ्यात शेगडी, खाटेखाली तांदळाचा डबा. अशाच एका खोलीतला राखणदार पॉझिटिव्ह आला. आरोग्य खात्याचं पत्रक सांगत होतं, रुग्णाला वेगळी खोली द्या, जमल्यास वेगळा संडास द्या. वेगळ्या खोल्या पंधरा पावलांवर होत्या, चारच्या चार रिकाम्या. चाव्या त्याच्याच खिशात होत्या. मालकाला फोन करून विचारायची त्याची छाती झाली नाही. विचारलं आणि मालक बिघडला तर आहे ती खोलीही जायची. त्यानं वाडीत सुपारीखाली खाट टाकली आणि डास मारत दिवस काढले. त्याच्याकडे ना करार होता, ना पावती. खोली नोकरीला चिकटलेली, नोकरी मालकाच्या मर्जीला चिकटलेली.

आणि परिचारिका? टाळ्या वाजवल्या होत्यात ना २२ मार्चला? ताटंही बडवली होतीत. त्याच आठवड्यांत देशभर घरमालक डॉक्टरांना, नर्सना सांगत होते : तुम्ही इस्पितळातून येता, आमच्या घरात म्हातारी माणसं आहेत, तुमचं तुम्ही बघा. तक्रारी इतक्या वाढल्या की केंद्राला २२ एप्रिलला १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकमानं दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले आणि छळ हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करावा लागला. अलिबागच्या इस्पितळात रात्रपाळी करणारी बाई इथं खोली शोधते तेव्हा तिला आजही पहिला प्रश्न काय विचारला जातो, ते मी तुमच्या तोंडावर सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

त्यावर ३ जूनचं निसर्ग चक्रीवादळ. पोफळी मुळासकट गेल्या, माड कमरेत मोडले, कितीतरी दिवस वीज नव्हती. बागायतदाराचं नुकसान खरं आहे, भरपाई अपुरी होती हेही खरं. पण पंचनाम्यात घर मालकाच्या नावाचं. भाडेकऱ्याच्या डोक्यावरचा पत्रा उडाला, तर नवा पत्रा घालायचा कुणी आणि तोवर ताडपत्री आणायची कुणी? तोंडाला मास्क लावून लोक या वादावर पावसात भांडले आहेत.

आता कुणी म्हणेल, साथ आली, गेली, आता कशाला उकरून काढता? उकरतो, कारण हे पहिल्यांदा झालेलं नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसं पळाली, त्यातली कितीतरी बोटींनी याच किनाऱ्यांवर उतरली. रोग दाटीत वाढतो, हे सरकारच्या ध्यानात आलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं काय केलं? कोंदट चाळी पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे ऐसपैस रस्ते काढले. पाडली तेवढी घरं मात्र बांधली नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत शिरली, भाडी चढली, दाटी एका गल्लीतून उठून दुसरीत जाऊन बसली. हवा मोकळी झाली ती रस्त्याची.

आपण साहित्यिक या सगळ्यात कुठे होतो? चाळीवर आपण भरभरून लिहिलं. चाळीचा गणेशोत्सव, गॅलरी, नळावरची भांडणं. भाडेपावतीवर लिहिणारे थोडे. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक एखादंच. टाळेबंदीत तर आपण कमालच केली. गच्चीवरून चंद्र पाहत एकांतावर कविता केल्या आणि फेसबुकवर लाइव्ह वाचल्या. एकांत मिळायला एक जास्तीची खोली लागते, एवढं साधं गणित एकाही कवितेत मला दिसलं नाही. (माझ्या वाचनाबाहेर कुणाची असेल तर त्यांनी ती मला पाठवावी, मी जाहीर नमस्कार करीन.)

आता जरा झोंबणारं बोलतो. इथून पेणच्या वाटेवर पोयनाडजवळ चरी आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. संप १९३९ पर्यंत चालला. जंगलातली लाकडं तोडून, मोळ्या विकून लोक जगले, पण शेतात उतरले नाहीत. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. १९४८ च्या कूळकायद्याआधी या तालुक्यानं एवढं भोगलंय. दर वर्षी २७ ऑक्टोबरला आपण हार घालतो, भाषणं ठोकतो. त्या कुळांची नातवंडं आपण. आणि आज आपल्या तोंडी कुणाची भाषा आहे? ‘करार कशाला, विश्वासावर राहा.’ ‘पावती मागितलीस तर उद्या खोली खाली कर.’ ‘एकतीस डिसेंबरला पाहुणे यायचेत, चार दिवस गावाला जाऊन ये.’ दोन रात्रींच्या पर्यटकात महिन्याचं भाडं सुटतं म्हणून महिनाभर राहणारा माणूस नकोसा झाला. ही खोतीच आहे. जमिनीची गेली, खोल्यांची आली.

तुमची भीती मला कळते. ‘कूळ लागेल’, ‘भाडेकरू डोक्यावर बसेल’. मुंबईचं उदाहरणही तुमच्यापाशी तयार असतं, आणि ते खोटं नाही. १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढलं, इमारती माणसांसकट कोसळल्या. मी भाडं गोठवा म्हणत नाही. भाडं वाढवा, पण लिहून वाढवा. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा म्हणतो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. पाणी-वीज तोडून भाडेकऱ्याला हुसकावता येत नाही. भाड्याची पावती द्यावी लागते. पण हा कायदा त्याच्या अनुसूचीत लिहिलेल्या भागांपुरता आहे आणि त्याचा सगळा ओढा शहरांकडे. साथ चालू असतानाच जुलै २०२० मध्ये केंद्रानं परवडणाऱ्या भाडेघरांची योजना मंजूर केली, तीही शहरांसाठी. ग्रामीण आवास योजना ज्याला स्वतःचं घर बांधायचं त्याच्यासाठी. नागावात भाड्यानं राहणारी स्वयंपाकीण यांपैकी कशातच नाही. विजेचं बिल मालकाच्या नावावर, करार नाही, म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही. म्हणून इथलं रेशनकार्ड नाही. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो फुकट धान्य आलं ते कार्डावर आलं. कार्ड गावाकडे, पोट इथं.

मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीनं भाडेकऱ्यांची नोंदवही ठेवावी. अकरा महिन्यांचा लेखी करार, दर महिन्याला पावती. साथ किंवा आपत्ती जाहीर झाली की ती संपेपर्यंत आणि वर तीन महिने कुणालाही भाड्यासाठी बाहेर काढायचं नाही. थकलेलं भाडं माफ नव्हे, हप्त्यानं. ज्या मालकाची चूल त्या भाड्यावरच पेटते, त्याला पर्यटकांकडून येणाऱ्या पंचायतीच्या पैशातून उचल. आणि वर्षातले दहा महिने कुलूप असलेल्या बंगल्यांच्या मालकांनी साथीत किमान एक खोली विलगीकरणासाठी द्यायची, हे आजच लिहून द्यावं. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचं बळ नसतं, हे मला कुणी उठून सांगू नये. वेशीवर बांबू टाकताना तुम्ही कुठलं कलम पाहिलं होतं?

१ मेला ग्रामसभा आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय. मराठीत आहे, दीड पान आहे, या टेबलावर ठेवतो. सूचक म्हणून घरमालकाची सही हवी, अनुमोदक म्हणून भाडेकऱ्याची. पेनही ठेवलंय. पुढचं कविसंमेलन सह्या होईपर्यंत थांबेल. सूत्रसंचालकांना मी तसं सांगितलं आहे.