वहीत नाव कुणाचं?

(नारायणगड येथील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षेपाने.)



या धाकट्या पंढरीला आपण एरवी दर्शनाला येतो, आज वही-पेन घेऊन आलो आहोत. सकाळी एकीनं विचारलं, "ताई, संशोधन म्हणजे प्राध्यापकांचं काम. त्यात आपण काय करायचं?" त्यावरच बोलते.

मराठीतलं इतिहास-संशोधन उभं राहिलं ते कागदावर. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, जुन्या दप्तरांचे रुमाल सोडून बसले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले. आपल्या बीडच्या पाटांगणात मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी त्यांनी १९०९ साली छापली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. या कष्टांबद्दल मला आदरच आहे. कागद कुठला, कुणाकडचा, हे टिपून ठेवायची शिस्त याच मंडळींनी लावली. पण कागद होता कुणाच्या घरी? वतनदाराच्या, मठाच्या, कुलकर्ण्याच्या. बाईच्या घरात जातं होतं.

बरं, जिनं लिहिलं तिचं तरी काय झालं? ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं. ते विस्मरणात गेलं, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा आपल्या हाती आलं.

ओव्या कुणी जमवल्या नाहीत असं नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये जमवल्या, पुढे सरोजिनी बाबरांनी मोठं काम केलं. पण ओवी 'लोकां'ची मानायची पद्धत पडली. लोकांची म्हणजे कुणा एकीची नाही! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० नंतर वेगळी रीत धरली. लाखाहून जास्त ओव्या, आणि त्यांच्यासोबत म्हणणारीचं नाव, गाव, जात. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे यांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या आज त्यांच्या नावानिशी ऐकता येतात.

आता माझी गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. करताना याच भागात मी एका म्हातारीकडून चाळीसेक ओव्या उतरवून घेतल्या. प्रबंधात लिहिलं, 'एक वृद्ध शेतमजूर स्त्री'. मार्गदर्शकांनी शाबासकी दिली. काही वर्षांनी तिची सून भेटली. म्हणाली, "आत्या गेल्या. त्यांच्या ओव्या तुमच्या वहीत हायेत ना? त्यातल्या आमच्या कोणत्या?" मी वही काढली. चार गावांच्या ओव्या एकात एक मिसळलेल्या होत्या, कारण मी त्या विषयवार लावल्या होत्या. माहेर, भाऊ, सासुरवास. मला एकही ओवी बोट ठेवून दाखवता आली नाही. ती काही बोलली नाही, चहा मात्र करून दिला. तो घशाखाली उतरेना.

पण नाव लिहिलं की काम झालं, असंही नाही. मारणाऱ्या नवऱ्यावरची ओवी नावानिशी छापली, तर त्याच घरात तिला रात्र काढायची असते. तेव्हा नाव घालायचं की नाही ते तिनं ठरवायचं, आणि ठरवण्याआधी ओवी कुठं छापली जाणार हे आपण तिला सांगायचं. वहीची एक प्रत तिच्या घरी राहिली पाहिजे. तिला वाचता येत नसेल, पण नातीला येतं.

दुपारी गावातल्या पाच-सहा जणी येणार आहेत. कुणीही आधी पेन उघडू नका.