गुणोत्तराची निवड



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी या शाळेत हयातभर गणित आणि विज्ञान शिकविले. मी त्यांचा विद्यार्थी असलो, तरी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो आणि संतवाङ्मय व छंदशास्त्र यांतच रमलो. त्यामुळे आज मी एखाद्या वाङ्मयीन विषयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु सरांचे स्मरण त्यांच्याच विषयातून करावे, असे मनाने घेतले. म्हणून मोटारीच्या मागच्या आसातील दंतचक्रांविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. यंत्रशास्त्रातील माझा अधिकार शून्य आहे. मी सांगणार आहे ते सरांनी मला समजावून दिलेले आणि माझ्या घरावर गुदरलेले आहे.

१९६६ साली मी अकरावीत होतो. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी विलीस जीप आणि तिचा ट्रेलर कर्ज काढून घेऊन धंदा करीत. बेळगावची भाजी आंबोली घाटाने सावंतवाडीला न्यायची आणि परतताना नारळ व सुकी मासळी आणायची. जाताना उतार होता, येताना चढ. भरला ट्रेलर घेऊन घाट चढताना जीप दुसऱ्या गिअरमध्ये गुदमरे आणि पहिल्यात घातली की माणसाच्या चालीने चाले. एका संध्याकाळी दादा सरांकडे गेले. मी सोबत होतो. दादा म्हणाले, “सर, गाडीला पिकअप नाही बघा. एक मिस्त्री म्हणतो, मागचा आस बदलू या.”

‘पिकअप’ हा शब्द आपल्या मराठीने किती सहज आपलासा केला आहे! पाठ्यपुस्तकात ज्याला त्वरण म्हणतात, त्याला रस्त्यावरचा माणूस पिकअप म्हणतो. सरांनी तो शब्द सुधारला नाही. त्यांनी दादांना विचारले, “अरे, पिकअप कुठे हवा? सपाटीला, की घाटात? किती ओझ्याला? आणि त्याच्या बदल्यात काय द्यायची तयारी आहे?” दादांना या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. मलाही कळला नाही. तो कळावा म्हणून सर दुसऱ्या दिवशी खडूचा तुकडा घेऊन आमच्या दारात आले.

इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून लांब दांड्यात, म्हणजे प्रोपेलर शाफ्टमध्ये येते. त्या दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, ते पिनियन. मागच्या आसाच्या पोटात मोठे चक्र असते, ते क्राऊन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की मागच्या आसाचे गुणोत्तर मिळते. दात मोजायला आस उघडावा लागतो. पण सरांनी तो न उघडता मोजला. चाकांना दगडांची उटी लावून जीप न्यूट्रलमध्ये ठेवली. मागचे एक चाक जॅकवर उचलले, दुसरे जमिनीवर राहू दिले. चाकावर आणि दांड्यावर खडूच्या खुणा केल्या. एक चाक स्थिर असले की डिफरन्शियलमुळे दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एकच फेरी होते. मी उचललेले चाक १६ वेळा फिरविले आणि सरांनी दांड्याच्या फेऱ्या मोजल्या : ३९. म्हणजे क्राऊनच्या ८ फेऱ्यांना पिनियनच्या ३९. भागाकार ४.८७५. लष्करी जीपचे गुणोत्तर तेच, व्यवहारात त्याला ४.८८ म्हणतात.

महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४५ मध्ये, विलीस कंपनीने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली. तिच्या आसात ४३ आणि ८ दातांची जोडी घातली, गुणोत्तर ५.३८ झाले. लष्कराला वेग हवा होता, शेतकऱ्याला नांगर ओढायचा होता. इंजिनाची जात तीच, पण काम बदलले म्हणून दात बदलले. महिंद्र कंपनीने आपल्या देशात ज्या जीपगाड्या बनविल्या, त्यांतही हे ५.३८ चे आस आले. मिस्त्रीने दादांना सुचविलेला आस अशाच एका भंगारात निघालेल्या जीपचा होता.

आता बदल्यात काय द्यायचे, ते पाहू. आजीच्या घरी जाते पाहिले असेल. खुंटा काठाजवळ असला तर हाताला जोर कमी लागतो, पण हात मोठ्या वर्तुळात फिरवावा लागतो. खुंटा मध्याकडे घेतला तर हात थोडा फिरतो, पण दमतो लवकर. दळण तेवढेच. आसाचेही तसेच आहे. त्या लष्करी जीपच्या इंजिनाचा पीळ मिनिटाला २००० फेऱ्यांच्या सुमारास १४२ न्यूटन-मीटर होता. चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर. वरच्या गिअरमध्ये ४.८८ ने गुणून त्रिज्येने भागले, तर चाकाची ओढ, घर्षणातील तूट सोडून, सुमारे २०० किलो वजनाइतकी येते. ५.३८ ने ती २२२ किलोच्या आसपास जाते. दर शंभराला दहाची वाढ झाली. वस्तुमान तेवढेच राहून ओढ वाढली, की त्वरण वाढते; न्यूटनचा नियमच आहे.

पण चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांसाठी इंजिनाला आता दहा टक्के अधिक फिरावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाला आधी मिनिटाला सुमारे २२०० फेऱ्या लागत, त्या सुमारे २४५० होतात. आवाज वाढतो, पेट्रोल अधिक जळते, इंजिनाची झीज वाढते आणि सपाटीवरचा कमाल वेग खाली येतो. वेगमापकाचा काटाही खोटे बोलू लागतो, कारण त्याची तार आसाच्या आधीच दांड्याची फिरकी मोजते. काटा ६० दाखवितो तेव्हा खरा वेग ५४ च्या जवळपास असतो.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली, ती या विषयाचे मर्म आहे. आस बदलून इंजिनाची शक्ती कणभरही वाढत नाही. ओढीतली दहा टक्के वाढ प्रत्येक गिअरच्या खालच्या भागात पुरती मिळते. फेऱ्या चढत जातात तसा इंजिनाचा पीळ ओसरू लागतो आणि वाढ आटत जाते. शिवाय वरचा गिअर लवकर टाकावा लागतो. तो टाकताच, त्या वेगाला जुना आस अजून खालच्याच गिअरात जेवढे ओढत असता, त्याहून कमी ओढ हाती राहते. म्हणून ‘शून्यापासून साठपर्यंत’ लागणारा वेळ दहा टक्क्यांनी घटेल, असे समजू नये. चाकाची पकड हीही एक सीमा आहे. रस्ता धरून ठेवील त्याहून अधिक ओढ दिली, तर चाक जागीच गरगरते.

अमेरिकेत १९६० च्या दशकात मोठ्या इंजिनांच्या गाड्या विकत घेतानाच मागच्या आसाचे गुणोत्तर ग्राहकाला निवडता येई. लांबच्या प्रवासाला ३ च्या आसपास, शर्यतीला ४ किंवा त्याहून अधिक. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीत उतरणारे लोक एक ठोकताळा पाळत : अंतिम रेषा ओलांडताना इंजिन त्याच्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर असावे, असे गुणोत्तर घ्यावे. लहान घेतले तर शक्ती वापरली जाण्याआधीच शर्यत संपते. मोठे घेतले तर इंजिन रेषेच्या आधीच दमते. म्हणजे निवड इंजिन पाहून जितकी करायची, तितकीच अंतर पाहून करायची.

दादांचे अंतर घाटाचे होते. सरांनी कागदावर सारे मांडले आणि सांगितले, “सपाटीचा वेग गेला तरी चालणार असेल, तर बदल.” दादांनी मिस्त्रीकडून आस बदलून घेतला. पहिल्याच खेपेला जीप भरल्या ट्रेलरसह दुसऱ्या गिअरमध्ये चढून आली. घरी पेढे वाटले गेले.

जूनचा दुसरा आठवडा. आगोटीची सुकी मासळी भरून दादा निघाले आणि आंबोलीच्या पावसाने त्यांना घाटात गाठले. एका वळणावर दरडीची माती रस्त्यावर आली होती. दादांनी पुढच्या चाकांची जोडणी टाकली, म्हणजे चारही चाके इंजिनाला जुंपली, आणि चिखल पार केला. पुढे टणक रस्ता लागला, तसे सुकाणू जड झाले. जोडणी काढायला गेले, तर दांडी जागची हलेना. थोड्या वेळाने खालून मोठा आवाज झाला आणि पुढच्या दांड्याचा सांधा तुटला.

कारण अगदी साधे होते. मागचा आस ५.३८ चा झाला, पुढचा ४.८८ चाच राहिला. दोन्ही दांडे एकाच गतीने फिरत असताना मागची चाके १०० मीटर चालली, की पुढची ११० मीटर चालू पाहतात. चिखलात चाके घसरून तो फरक गिळतात. टणक रस्त्यावर गिळता येत नाही. एका जुवाखाली दोन चालींचे बैल जुंपावे, तसे झाले. गाडी दोन दिवस पावसात उभी राहिली. मासळी भिजली, वाया गेली. त्या वर्षी आमच्या घरी कर्जाचा हप्ता आईच्या पाटल्यांनी भरला.

मिस्त्रीला दोष देणे सोपे होते. दादांनी सरांना एका शब्दाने दोष दिला नव्हता. पण त्या सोमवारी सर आमच्या वर्गावर आले, फळ्यावर ३९/८ आणि ४३/८ हे दोन अपूर्णांक लिहिले आणि म्हणाले, “हे गणित बरोबर आहे. तरी माझ्यामुळे एका माझ्याच विद्यार्थ्याचे नुकसान झाले. मी त्याला खूप प्रश्न विचारले. पुढचा आस कितीचा, हा एक विचारला नाही.” पस्तीस मुलांचा वर्ग होता. आपल्या शिक्षकाला फळ्यासमोर उभे राहून आपली चूक सांगताना आम्ही प्रथमच पाहत होतो. पुढे त्याच भंगारातल्या जीपचा पुढचा आस मिळाला. त्याचे पैसे सर देऊ करीत होते. दादांनी ते घेतले नाहीत. तो बसविताना मात्र सर स्वतः जवळ उभे होते आणि दोन्ही आसांच्या फेऱ्या त्यांनी खडूने मोजून घेतल्या. ती जीप पुढे नऊ वर्षे घाट चढली.

आज मोटारींना आठ-दहा गिअर आले आहेत आणि आसाची निवड कारखान्यात संगणकावर होते. विद्युत मोटारींना बहुधा एकच गुणोत्तर असते. त्यातही ओढ आणि कमाल वेग यांच्यातली निवड कोणीतरी आधी केलेली असतेच.

‘गुणोत्तर’ या शब्दात ‘उत्तर’ आहे, हे मी भाषेचा विद्यार्थी म्हणून पुष्कळदा न्याहाळले आहे. सरांनी मला त्याच्या आधीचा प्रश्न पाहायला शिकविले. आणि तो अपुरा राहिला, तर तसे चारचौघांत सांगायलाही. मी प्राध्यापक झाल्यावर दोनदा माझ्या स्वतःच्या लेखनातील चूक वर्गात कबूल केली. दोन्ही वेळा मला तो फळा आठवला.

विद्यार्थी मित्रहो, घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन एखाद्या जीपच्या मागच्या आसाच्या फेऱ्या खडूने मोजून पाहा. चार चाकांना ओढ असेल, तर पुढच्याही मोजा.

 सरांच्या स्मृतीला वंदन करून मी थांबतो.