किताब आणि कारभार
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



राजाचा थाट हीच त्याची सत्ता, असे आपण समजतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८२ साली व्हर्सायला दरबार नेला, तेव्हा त्या थाटामागे खजिना आणि फौज होती. आपल्या यवतमाळचा इतिहास मात्र निराळा धडा देतो.

आपला जिल्हा वऱ्हाडातला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. १९०२ साली तो सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेला. पुढे १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताब हैदराबादेत राहिला. वऱ्हाडचा कारभार मात्र नागपूरहून मध्यप्रांत सरकारच पाहत होते!

पालकहो, कर्ज काढून केलेली लग्नातली रोषणाई हा असाच पोकळ किताब आहे. त्यापायी मुलीची शाळा सातवीत सुटत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे. विद्यार्थ्यांनो, अभ्यासाविना मिळवलेले प्रमाणपत्रही तसेच. किताब दुसरा देतो; विद्या स्वतः कमवावी लागते, आणि ती कोणाला पट्ट्याने घेता येत नाही.