अपघातानंतरची वर्षे



रस्त्यावरील अपघाताची वार्ता वर्तमानपत्रात चार ओळींत संपते. एक ठार, दोघे गंभीर जखमी, एवढे वाचून वाचक पान उलटतो. जखमींचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, तर जखमींची संख्या ४,४३,३६६ होती. आजचा विषय या दुसऱ्या संख्येतील माणसांचा आहे.

पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत गोमंतकातून जाणाऱ्या महामार्गालगतच्या एखाद्या घराची कल्पना करावी. दुचाकीवरून कामावर निघालेला घरचा कर्ता तरुण पडतो आणि मणक्याला मार बसून कमरेखालचे अंग लुळे होते. बांबोळीच्या इस्पितळात शस्त्रक्रिया होऊन प्राण वाचतात. खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर. अंगाला संवेदना नसल्याने एकाच कुशीवर पडून राहिल्यास शय्याव्रण होतात. म्हणून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी लागते. हे काम पत्नी किंवा आई करते. तिची मजुरी बुडते, थोरल्या मुलीची शाळा तुटते. उंबरठा, अरुंद न्हाणीघर, अंगणातील दोन पायऱ्या, यांपैकी प्रत्येक ठिकाणी चाकाची खुर्ची अडते. जखमी एकच असतो. अधू सारे घर होते.

मेंदूला मार बसलेल्याची अवस्था याहून फसवी असते. माणूस चालतो, बोलतो. पण बाजारात काय आणावयाचे ते विसरतो आणि क्षुल्लक कारणाने संतापतो. घरची मंडळी स्वभावाला दोष देतात. अपघातानंतर वर्गात परतलेला मुलगा येणारे पाढे विसरला, तर शिक्षकांनी तो आळस समजू नये.

चालकाविषयी सहानुभूतीने बोललेले पुष्कळांना रुचत नाही. दोषी चालकास शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दलची कमाल कैद दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आहे. तथापि ज्याची मुळीच चूक नव्हती, अशा चालकालाही ब्रेकचा तो कर्कश आवाज झोपेत ऐकू येत राहतो. तो ते वळण टाळतो, कोणाशी बोलत नाही, प्रसंगी मद्याचा आश्रय घेतो आणि तसाच पुन्हा चाकावर बसतो. १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर मानसिक विकाराला स्वतंत्र व्याधी म्हणून मान्यता दिली. परंतु ही व्याधी औषधोपचाराने व समुपदेशनाने आटोक्यात येते, हे ट्रकचालकाला कोण सांगणार? टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ट्रकतळावर आणि बसस्थानकावर लावण्यास फारसा खर्च येत नाही.

आता साहाय्याविषयी. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास, १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळतात. अर्ज अपघात घडला त्या तालुक्याच्या महसूल यंत्रणेतील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. तो करणारेच थोडे, म्हणून ग्रामसभेत ही माहिती वाचून दाखवावी. मे २०२५ पासून लागू झालेल्या विनारोकड उपचार योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, तेही अपघातापासून सात दिवसांपर्यंतच. मणका मोडलेल्या तरुणाचा आठवा दिवस घरच्यांच्या माथी येतो.