पाच वाजताचा क्लब आणि आमच्या पाड्यावरची सकाळ

आजचा भाग मी घराच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येच कोंबडा आरवला तर समजून घ्या. तो एडिट करता येत नाही.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच मेसेज आला. दादा, सकाळचं रुटीन कसं बनवायचं त्यावर बोल ना. डहाणूहून पहाटेची लोकल पकडणारे होते, तलासरीहून उंबरगाव, सरीगाम, वापीला कंपनीत जाणारे होते, कॉलेजवाले तर होतेच. एकाने रील पाठवली. त्यात एक माणूस पाच वाजता उठतो, बर्फाच्या पाण्यात बसतो, डायरी लिहितो, मग हिरवा ज्यूस पितो. खाली त्याने विचारलंय, आपल्याकडे हे कसं जमेल?

बर्फाचं सोडा. आमच्याकडे सकाळी बोअरवेलवर हंड्यांची लाईन असते, तिथे नंबर लागला तरी पुष्कळ.

खरं सांगू का, या विषयावर बोलायला मी कचरत होतो. कारण मी सकाळी उठणारा माणूस नव्हतोच. मी बिघडलेला माणूस होतो. आणि कसा बिघडलो ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

आमचा पाडा धुंदलवाडीच्या बाजूला. नोव्हेंबर २०१८ पासून इथे जमीन हलायला लागली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. डहाणू आणि तलासरीच्या लोकांना तर मी काय सांगणार. पहिल्या धक्क्याला आम्हाला वाटलं कुठे सुरुंग लावला. मग रोजचंच झालं. आधी ढगासारखा आवाज, मग भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ ला तर दिवसभरात धक्क्यांवर धक्के आले आणि त्यातला मोठा ४.१ चा होता. बाहेरच्या माणसाला ४.१ आकडा किरकोळ वाटतो, पण केंद्र पायाखाली आणि फार खोल नसेल तर भिंतीला भेग पडायला तेवढा पुरतो. लोक घराबाहेर झोपायला लागले. एनडीआरएफवाले आले, तंबू लागले. आम्ही अंगणात ताडपत्री टाकून थंडीत झोपायचो. मी तेव्हा बारावीला होतो, परीक्षा तोंडावर.

झोपायचो म्हणजे काय, पडून राहायचो. हातात फोन. आवाज आला की लगेच ग्रुपवर, तुमच्याकडे जाणवला का, किती होता, कुठे होता. दोन वाजता, तीन वाजता. मग धक्के कमी झाले, आम्ही घरात परत आलो, पण फोन उशाखालीच राहिला. आधी भूकंपाचे मेसेज बघायचो, मग क्रिकेट, मग नुसतंच अंगठ्याने वर सरकवत राहायचं. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. एक वाजण्याच्या आत झोप नाही. आणि मला वाटायचं की हा माझा आळस आहे.

पुढे आयटीआय करून मी पलीकडच्या एका कंपनीत लागलो. पहिली पाळी सकाळी सात ते तीन. फाट्यावरून इको गाडी पावणेसहाला सुटते, ती गेली की खाडा. मी पाच गजर लावायचो, पाचही बंद करायचो, आणि सहाव्यांदा आई अंगावरची चादर ओढायची. तोंडावर पाणी मारून पळायचो. पोटात काही नाही, फाट्यावर कटिंग चहा आणि खारी. एका गुरुवारी दहाच्या सुमारास कटरवर काम करताना माझा डोळा लागला. उभ्या उभ्या. शेजारच्या मित्राने बाही धरून ओढलं म्हणून बोट राहिलं, टोकाला चार टाके पडले. चूक सरळसरळ माझीच होती. आठ दिवस मला लोडिंगला टाकलं, तेही बरोबरच.

त्या आठवड्यात मी रुटीनचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. कधी? रात्री बारा वाजता. हसू नका.

आजी हे सगळं बघत होती. ती एकदा म्हणाली, "तू उशिरा उठत नाय रे, तू उशिरा निजतोस." बस, एवढंच. मी इतके व्हिडिओ बघितले, पण हे वाक्य कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. डॉक्टर मंडळी मोठ्या माणसाला किमान सात तास झोप सांगतात. सव्वापाचला उठायचं तर दहाला आडवं व्हायला हवं. साधी वजाबाकी आहे. मी मात्र एक वाजता झोपून सव्वापाचचा हिशोब जुळवत बसलो होतो.

पण फोन सोडायला मन धजत नव्हतं. मी आजीला खरं कारण सांगितलं, की रात्री जमीन हलली तर कळायला पाहिजे. ती म्हणाली, "धरणी हलली तर फोन काय धरून ठेवणार हाय? मी जागीच असते. हाक मारीन." त्या रात्रीपासून माझा फोन ओटीवर, तिच्या खाटेजवळच्या बोर्डाला चार्जिंगला लागतो. सकाळी गजर वाजला की बंद करायला मला उठून तिच्यापर्यंत जावं लागतं, आणि ती आधीच उठून बसलेली असते. परत येऊन झोपायची लाज वाटते.

पहिले पाच-सहा दिवस वाईट गेले, लपवत नाही. डोळे मिटून नुसता पडून राहायचो, छातीत धडधड. एकदा तर मध्यरात्री जाऊन फोन घेऊन आलो. पण हळूहळू झोप यायला लागली.

आता सकाळचं सांगतो. माझ्या सकाळीत तीनच गोष्टी आहेत. फोन बंद केला की दोन हंडे घेऊन बोअरवेलवर जायचं. आल्यावर काहीतरी खायचं, रात्रीची भाकरी आणि सुकट, नाहीतर गरम पेज. आणि फोन गाडीत बसेपर्यंत उघडायचा नाही. संपलं. डायरी नाही, ज्यूस नाही. हंडे भरणं पूर्वी आईचं आणि बहिणीचं काम होतं, आणि मी ते व्यायाम म्हणून घेतलं असं सांगितलं तर बहीण मारेल. पण चालणं होतं, अंगाला गार हवा लागते आणि उजाडत असेल तर डोळ्यांवर प्रकाश पडतो. हा प्रकाश महत्त्वाचा आहे बरं का. आपल्या शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं. पेशींच्या आत हे घड्याळ चालतं कसं, ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे जूनमध्ये सहाच्या आसपास सूर्य उगवतो, जानेवारीत सव्वासात होतात. म्हणजे थंडीत पहिल्या पाळीवाल्याला निघताना उजेड मिळतच नाही. मग मी गाडीत खिडकीजवळ बसतो आणि तलासरी मागे पडेपर्यंत बाहेर बघतो. आणखी एक, संध्याकाळी सहानंतरचा चहा मी बंद केला. चहातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-एक तास लागतात.

आता तुम्ही म्हणाल, आमची पाळी दर आठवड्याला बदलते, आमचं काय? माझीपण बदलते. इथे मला माझ्या धाकटी डहाणूच्या मित्राने शहाणं केलं. त्याच्या बाबांची बोट आहे. मी त्याला विचारलं, बाबा रोज किती वाजता उठतात? तो म्हणाला, भरती कधी आहे त्यावर. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे त्यांची सकाळ कधी पहाटे तीनला होते, कधी सातला. पण उठल्यावर काय करायचं त्याचा क्रम तोच. म्हणून दुसऱ्या पाळीला मी सातला उठतो, तरी हंडे, भाकरी, मग फोन. तिसरी पाळी करून सकाळी आलो तर मात्र उलटं. खिडकीला गोधडी लावायची, घरच्यांना सांगून ठेवायचं आणि आधी झोपायचं. उठल्यावर मग हंडे. रात्रपाळी करून आल्यावर वर व्यायाम करायला सांगणारा व्हिडिओ दिसला तर सरळ पुढे सरकवा.

आजीचं माहेर कोसबाडच्या बाजूचं. एकदा मी तिला विचारलं, तुला ही शिस्त कुणी लावली? मला वाटलं ती तिच्या आयसचं नाव घेईल. ती म्हणाली, "बाईंनी." बाई म्हणजे बालवाडीच्या बाई. तिला आठवतं की सकाळी मुलांना पाड्यावरून गोळा करायचे, हातपाय धुवायचे, नखं बघायचे, केस विंचरायचे आणि मग हातात आरसा द्यायचे. आरशात स्वतःला बघून ती पळून गेली होती म्हणे.

ही गोष्ट आपल्या तालुक्याची आहे आणि ती आपल्यालाच माहीत नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना आली आणि आज देशभर हा शब्द चालतो. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथे गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. अनुताई स्वतः तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. ते ऐकल्यापासून मी त्या ज्यूसवाल्याचं टाइमटेबल माझ्यावर बसवायचा नाद सोडला. माझ्या दिवसात हंडे होतेच, मी त्यालाच बाकीचं बांधलं.

एक शेवटचा प्रश्न सगळ्यांचाच असतो. किती दिवसांत सवय लागते? एकवीस दिवस, असं सगळीकडे सांगतात. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. तो बोलत होता पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला लागणाऱ्या वेळाबद्दल, आणि तेही किमान एकवीस असं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. रोज एक साधी गोष्ट, ठरलेल्या वेळेला जोडून. सरासरी ६६ दिवस निघाले. पण कुणाला १८, आणि कुणाला तर अंदाजे २५४ लागतील असं दिसलं. मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. मला स्वतःला तीन महिने लागले. मध्ये भावाच्या लग्नात चार रात्री तारपा आणि डीजे, सगळं कोलमडलं. पाचव्या दिवशी परत हंडे उचलले.

अजूनही आवाज झाला की मी दचकून उठतो. गेल्या पावसात वीज कडाडली तेव्हा मी झोपेतच दारापर्यंत पोचलो होतो. ओटीवरून आजीचा आवाज आला, "पाऊस हाय, नीज." मी नीजलो.

तर मंडळी, उद्यापासून माझी तिसरी पाळी आहे, त्यामुळे पुढचा भाग दोन-तीन दिवस उशिरा येईल. तुमची पाळी कुठली, किती वाजता निघता आणि निघण्याआधी काय खाता ते व्हॉइस मेसेजने पाठवा. लोकलवाल्यांनी जरूर पाठवा, चर्चगेटपर्यंत सव्वाशे किलोमीटर रोज करणारे कधी झोपतात ते मला खरंच ऐकायचंय. आता थांबतो. आजी हाक मारतेय, बोअरवेलवर लाईन वाढली.