पासवर्ड कोणाच्या हाती?

(पुण्यातील एका वस्तीत महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



घरभेटीला गेलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं, "ताई, पोरीचा मोबाइल काढून घेतलाय." का? तर कुणीतरी तिला घाणेरडे मेसेज पाठवत होता. पाठवणारा मोकळा आणि शिक्षा पोरीला! त्याच घरात भाऊ रात्री दोनपर्यंत गेम खेळतो, वडील जेवताना व्हिडिओ बघतात. त्यावर कुणी ब्र काढत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक नियम केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठला दुसरा भोंगा. मधल्या वेळात अभ्यास, वाचन, गप्पा. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की नियम सगळ्या घराला होता. आईची मालिका बंद, तसा वडिलांचा मोबाइलही. आपल्या घरी भोंगा नसेल, पण रात्री सगळ्यांचे फोन एका फळीवर ठेवता येतील. सगळ्यांचे, म्हणजे घरधन्याचाही.

दुसरी गोष्ट पाळतीची. "लपवण्यासारखं काय आहे? दे पासवर्ड," असं आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. पुरुषाने बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. आज भारतीय न्याय संहितेचं ते ७८ वं कलम आहे.

मग लहान मुलांचं काय? त्यांच्यावर लक्ष ठेवावंच लागतं, पण त्यांना सांगून, चोरून नव्हे. ओटीपी कुणाला द्यायचा नाही, दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, हे आपणही पाळायचं. मुलांचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकणारे आपणच असतो ना?

आणि पोरीला घाणेरडा मेसेज आला, तर तो पुसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, तिच्याबरोबर पोलीस चौकीत जा. फोनवर पैशांची फसवणूक झाली, तर लगेच १९३० ला फोन करा.

फोन हिसकावला जाईल या भीतीनेच मुली गप्प बसतात. आज घरी गेल्यावर लेकीला एवढंच सांगा : "काही झालं तरी आधी मला सांग. तुझा फोन मी काढून घेणार नाही."